पंच्याऐंशी टक्क्यांची आग

पोकेमॉनच्या गेममध्ये 'फायर ब्लास्ट' ही मूव्ह पहिल्या दिवसापासून आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' आले तेव्हा ती होती, आणि २०२२च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्येही आहे. मधल्या काळात पोकेमॉनची संख्या दीडशेवरून हजारापलीकडे गेली, लढाईचे नियम अनेकदा बदलले, या मूव्हची ताकदही एकदा कमी झाली. एक आकडा मात्र जागचा हलला नाही. फायर ब्लास्टची अ‍ॅक्युरसी, म्हणजे नेम लागण्याची शक्यता, तेव्हाही ८५ टक्के होती आणि आजही ८५ टक्केच आहे. शंभरातले पंधरा वार वाया जाणार, हे तिच्या आकड्यांतच पहिल्यापासून ठरलेले आहे. बहुतेक खेळाडू या पंधरा टक्क्यांना मूव्हचा दोष मानतात आणि तिच्याऐवजी 'फ्लेमथ्रोअर' घेऊन मोकळे होतात. पुढच्या पानांमधल्या सगळ्या विवेचनामागचे माझे मत याच्या नेमके उलटे आहे. ही अनिश्चितता म्हणजे फायर ब्लास्टची किंमत आहे, ती कधी मोजावी हे ओळखणे हे या खेळातले खरे कौशल्य आहे, आणि ते ओळखायला सरासरीचा हिशेब अजिबात उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख टीव्हीवर झाली. निन्टेन्डोची यंत्रे मराठी घरांमध्ये फारशी पोचली नाहीत, म्हणून लढाईच्या नियमांबद्दल थोडे सांगून पुढे जायला हवे. मालिकेत वार चुकतो तो कथेला हवे असते तेव्हा. गेममध्ये प्रत्येक वारामागे आकडे असतात. फायर ब्लास्टची पॉवर आज ११० आहे आणि फ्लेमथ्रोअरची ९०. फ्लेमथ्रोअरची अ‍ॅक्युरसी शंभर टक्के आहे. ती पंधरा वेळा वापरता येते, तर फायर ब्लास्ट फक्त पाच वेळा. खेळाडू या मर्यादेला पीपी म्हणतात. दोन्ही मूव्ह समोरच्याला दहा टक्के वेळा भाजून टाकतात, म्हणजे बर्न करतात. बर्न झालेल्याच्या शारीरिक वारांची ताकद निम्मी होते आणि दर फेरीला त्याचा थोडा एचपी, म्हणजे जीवनशक्ती, झिजतो. एका पोकेमॉनला एका वेळी चारच मूव्ह ठेवता येत असल्याने दोन्ही सोबत बाळगणे क्वचितच परवडते. निवड करावीच लागते, आणि ती लढाई सुरू होण्याआधी करावी लागते.

ही मूव्ह पडद्यावर दिसते कशी, तेही सांगायला हवे, कारण तिच्या लोकप्रियतेत त्या दृश्याचा वाटा मोठा आहे. ज्वाळेचा एक गोळा समोरच्यावर जाऊन आदळतो आणि पाच टोकांच्या आकृतीत फुटतो: मध्ये खोड, वर एक टोक, बाजूंना दोन हात आणि खाली दोन पाय. जपानी खेळाडूला ही आकृती पाहताक्षणी ओळखू येते. क्योतोच्या पूर्वेकडच्या डोंगरावर दरवर्षी १६ ऑगस्टच्या रात्री मोठ्या अग्नींची रांग याच आकारात पेटवतात. ओबोनच्या दिवसांत घरी आलेल्या पूर्वजांना ती आग निरोप देते. या मूव्हचे जपानी नाव त्याच अग्नीचे आहे. गेम बॉयच्या चार छटांच्या छोट्या पडद्यावरही हा आकार स्पष्ट उठून दिसे, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक गेमने तो जपला. फ्लेमथ्रोअर ही नुसती आगीची धार आहे. फायर ब्लास्ट दिसतेच अशी, की तिच्या हातून काहीतरी निर्णायक घडणार असे वाटावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या दोन मूव्हची तुलना करायला बसलेला माणूस सहसा सगळ्यात सोपा गुणाकार करतो. ११० गुणिले ०.८५ म्हणजे ९३.५. फ्लेमथ्रोअरचे ९० गुणिले १ म्हणजे ९०. फायर ब्लास्ट साडेतीनने पुढे. मग कुणी म्हणते, एवढ्याशा फरकासाठी कशाला जोखीम घ्यायची, आणि कुणी म्हणते, फरक असेल तो असेल, सरासरी जास्त आहे ना, मग घ्या. दोघांचाही निष्कर्ष एकाच चुकीच्या मापावर उभा आहे. सरासरी खरी ठरते ती वार शेकड्यांनी होतात तेव्हा. एका सामन्यात फायर ब्लास्ट दोनदा, फार तर तीनदा वापरली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पोकेमॉनच्या लढाईत किती नुकसान केले याचे गुण मिळत नाहीत. समोरच्याचा एचपी शून्यावर आला की नाही, एवढेच मोजले जाते. एका एचपीवर उरलेला पोकेमॉन आपली पुढची मूव्ह पूर्ण ताकदीने करतो. ९० टक्के नुकसान आणि ४० टक्के नुकसान यांत त्या क्षणी काहीच फरक नसतो. ९९ आणि १०० यांत मात्र सगळा फरक असतो. म्हणून प्रश्न 'सरासरी किती' असा विचारू नये. 'या वाराने समोरचा पडण्याची शक्यता किती' असा विचारावा.

एक उदाहरण जवळून पाहू. अधिकृत स्पर्धांमध्ये सगळे पोकेमॉन लेव्हल ५०वर आणून लढवतात, म्हणून तीच पातळी घेतो. आपल्याकडे चारिझार्ड आहे, त्याचे जन्मजात गुण पूर्ण आहेत आणि स्पेशल अटॅकचे प्रशिक्षणही पूर्ण आहे. त्याचा स्पेशल अटॅक येतो १६१. समोर व्हीनसॉर आहे, त्याचे जन्मजात गुण पूर्ण, पण एचपी किंवा स्पेशल डिफेन्सवर प्रशिक्षण खर्च केलेले नाही. त्याचा एचपी १५५, स्पेशल डिफेन्स १२०. चारिझार्ड स्वतः आगीचा असल्याने आगीच्या मूव्हला त्याच्याकडून दीडपट जोर मिळतो, आणि व्हीनसॉर वनस्पती प्रकारातला असल्याने त्याला आग दुप्पट लागते. शिवाय प्रत्येक वाराच्या नुकसानाला गेम ८५ ते १०० टक्क्यांमधल्या एका आकड्याने गुणतो. असे सोळा आकडे आहेत आणि प्रत्येकाची शक्यता सारखी. क्रिटिकल हिट बाजूला ठेवून हिशेब केला तर फ्लेमथ्रोअर १३८ ते १६४ नुकसान करते. १५५ गाठायला सोळांपैकी वरचेच सहा आकडे पुरतात. म्हणजे नेम शंभर टक्के लागणारी ही मूव्ह व्हीनसॉरला पाडते केवळ साडेसदतीस टक्के वेळा. फायर ब्लास्ट लागली तर १६८ ते १९८ नुकसान करते, म्हणजे सगळ्यात कमी आकडा आला तरी व्हीनसॉर पडतोच. तिच्या यशाची शक्यता तिच्या अ‍ॅक्युरसीएवढी, पंच्याऐंशी टक्के.

या ठिकाणी 'खात्रीची' मूव्ह कोणती, हे थोडे थांबून पाहावे. फ्लेमथ्रोअर वापरणाऱ्याला वाटते की आपण जोखीम टाळली. त्याने जोखीम टाळलेली नसते, ती दुसऱ्या खिशात ठेवलेली असते. अ‍ॅक्युरसीच्या रकान्यात दिसणारी अनिश्चितता नुकसानाच्या पट्ट्यात जाऊन लपते, आणि तिथे ती कोणी वाचत नाही. 'वार चुकला' असे पडद्यावर लिहून येते, म्हणून तो लक्षात राहतो. फ्लेमथ्रोअरचा आकडा खालचा आला आणि व्हीनसॉर दहा-बारा एचपीवर उभा राहिला, तर तसे काही लिहून येत नाही. एचपीची पट्टी लाल होते आणि खेळाडूला वाटते, थोडक्यात राहिले. चारिझार्डच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. व्हीनसॉर जिवंत आहे आणि आता पाळी त्याची आहे.

उदाहरण आणखी थोडे बदलले की उंबरठ्याचे महत्त्व अधिकच ठळक होते. व्हीनसॉरच्या मालकाने एचपीचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे असे धरा. त्याचा एचपी १८७ होईल. आता फ्लेमथ्रोअर एका वारात त्याला कधीच पाडू शकत नाही, कारण तिचा कमाल आकडा १६४ आहे. फायर ब्लास्टला सोळांपैकी पाच आकडे पुरतात, आणि नेमाचे पंच्याऐंशी टक्के धरून शक्यता येते सव्वीस टक्क्यांच्या थोडी वर. ही काही भरवशाची गोष्ट नव्हे. अशा वेळी शहाणा खेळाडू दोन वारांचा बेत आखतो. पण समजा, आधीच्या फेऱ्यांत मैदानावर 'स्टेल्थ रॉक' टाकून ठेवले होते. ते टोकदार दगड मैदानात येणाऱ्या व्हीनसॉरचा एक अष्टमांश एचपी काढून घेतात, म्हणजे २३. उरले १६४. आता फायर ब्लास्ट लागली की काम झालेच, शक्यता पंच्याऐंशी टक्के. फ्लेमथ्रोअरलाही वाट उघडली, पण सोळांतला एकच आकडा तिला १६४पर्यंत नेतो. शक्यता सव्वासहा टक्के. मूव्हच्या पॉवरमध्ये किंवा अ‍ॅक्युरसीमध्ये काडीचाही बदल झालेला नाही. समोरच्याच्या एचपीतून २३ कमी झाले, एवढ्यानेच निवडीचे उत्तर पालटले. ज्यांना फायर ब्लास्ट 'नशिबाची मूव्ह' वाटते त्यांनी या तेवीस एचपीकडे नीट पाहावे. तिथे नशीब कमी आहे आणि चार फेऱ्या आधी टाकलेल्या दगडांचा विचार जास्त आहे.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, नाहीतर ही प्रस्तावना वकिली होईल. व्हीनसॉरचा एचपी आधीच १३०वर आलेला असेल तर फ्लेमथ्रोअरचा सगळ्यात कमी आकडाही त्याला पुरून उरतो. तिथे फायर ब्लास्ट वापरणारा माणूस काही न मिळवता पंधरा टक्के गमावतो. समोरचा इतका दणकट असेल की दोन्हींपैकी कोणतीही मूव्ह वापरली तरी दोन वार लागणारच, तिथेही तेच. दोन फ्लेमथ्रोअर हमखास लागतात, दोन फायर ब्लास्ट ओळीने लागण्याची शक्यता सव्वाबहात्तर टक्के. पाचही पीपी वापरायची वेळ आली, तर पाचही नेम लागण्याची शक्यता चव्वेचाळीस टक्क्यांवर येते. म्हणजे लांब लढाईत एखादा वार चुकणे हेच जास्त संभवते. म्हणून सावकाश झिजवत जिंकणाऱ्या संघात मी फायर ब्लास्ट ठेवणार नाही. जिथे एका ठराविक शत्रूला एका ठराविक वारात पाडायचे आहे, आणि तो उंबरठा ९० आणि ११०च्या मध्ये येतो, तिथे ती ठेवीन. हा पट्टा अरुंद आहे खरा, पण स्पर्धेतले सामने बहुधा अशाच अरुंद पट्ट्यात ठरतात. कारण समोरचा खेळाडूही आपल्या पोकेमॉनचे प्रशिक्षण नेमके एवढ्याच हिशेबाने करतो, की ओळखीचा वार एकदा तरी सोसून उभे राहता यावे. तो बहुतेक वेळा फ्लेमथ्रोअर धरून हिशेब करतो. वीसची जास्त पॉवर त्याच हिशेबाला सुरुंग लावते.

हे सगळे मी खेळाडूच्या बाजूने सांगितले. गेम तयार करणाऱ्यांनीही या मूव्हकडे असेच पाहिले असावे, असे मानायला इतिहासात जागा आहे. पहिल्या पिढीत, म्हणजे 'रेड' आणि 'ग्रीन'च्या काळात, फायर ब्लास्टची पॉवर १२० होती आणि बर्न करण्याची शक्यता तीस टक्के. आगीची ती एकुलती एक टीएम होती, म्हणजे खेळाडूला हवी तेव्हा शिकवता येणारी एकमेव आगीची मूव्ह, आणि ती मिळे सिनाबार बेटावरच्या जिममध्ये, तिथला प्रमुख ब्लेन याला हरवल्यावर. टीएम तेव्हा एकदाच वापरता येई, म्हणून ती कोणाला शिकवायची हा मोठा निर्णय होता. फ्लेमथ्रोअर तेव्हा फक्त आपोआप शिकली जाई, तीही उशिरा. चारमँडरला लेव्हल ३८ आणि चारिझार्डला लेव्हल ४६ गाठावी लागे. त्यामुळे टॉरोससारखा आगीशी काही संबंध नसलेला पोकेमॉन एग्झेक्युटरला उत्तर म्हणून आग बाळगू लागला, तर ती फायर ब्लास्टच असे. त्या पिढीची आणखी एक गंमतीची तांत्रिक गोष्ट इथे नोंदवतो. नेमाचा हिशेब तेव्हा २५६ भागांत होई आणि तुलना 'पेक्षा कमी' अशी असे, त्यामुळे शंभर टक्के लिहिलेली मूव्हसुद्धा २५६ वारांत सरासरी एकदा चुके. फायर ब्लास्टला मिळत २५६पैकी २१६ भाग, म्हणजे ८४.४ टक्के. पूर्ण खात्री अशी त्या पहिल्या गेममध्ये जवळजवळ कोणत्याही हल्ल्याला नव्हती.

पुढे १९९९मध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आले, तेव्हा पहिल्या पिढीतल्या प्रबळ मूव्ह लगामात आणल्या गेल्या. 'ब्लिझर्ड' ही बर्फाची मूव्ह १२० पॉवर आणि ९० टक्के नेम घेऊन सगळीकडे धुमाकूळ घालत होती. तिचा नेम थेट ७०वर आणला. फायर ब्लास्टचा बर्न तीसवरून दहा टक्के केला, नेमाला मात्र हात लावला नाही. त्याच गेममध्ये हवामान आले. पावसात 'थंडर'चा नेम कधीच चुकणार नाही असे ठरले, आणि २००६च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'पासून गारपिटीत ब्लिझर्डलाही तीच सवलत मिळाली. आगीचे हवामान म्हणजे कडक ऊन. उन्हात आगीच्या वाराची ताकद दीडपट होते, पण फायर ब्लास्टचा नेम उन्हातही ८५ टक्केच राहतो. वीज आणि बर्फ यांच्या मोठ्या मूव्हना अनिश्चितता पुसून टाकणारा एकेक ऋतू मिळाला आणि आगीच्या मोठ्या मूव्हला तो दिला गेला नाही. हा योगायोग असेलही. पण इतक्या पिढ्यांत एकदाही तसे झाले नाही, तेव्हा मला तो निर्णय वाटतो. २०१३च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये मोठ्या मूव्हची पॉवर १२०वरून ११० झाली आणि फ्लेमथ्रोअरच्या जातीच्या मूव्हची ९५वरून ९०. सरासरीतला फरक सातवरून साडेतीनवर आला. सरासरी हेच खरे माप असते, तर या बदलानंतर फायर ब्लास्ट अडगळीत पडायला हवी होती. ती पडली नाही, कारण उंबरठे त्या नव्या आकड्यांभोवती पुन्हा तयार झाले.

आगीच्या इतर मोठ्या मूव्हशी तुलना केली की फायर ब्लास्टचे वेगळेपण अधिक कळते. या खेळात जास्त ताकद कोणालाच फुकट मिळत नाही. 'फ्लेअर ब्लिट्झ'ची पॉवर १२० आहे आणि नेम शंभर टक्के, पण केलेल्या नुकसानाचा एक तृतीयांश भाग वार करणाऱ्यालाच सोसावा लागतो. 'ओव्हरहीट'ची पॉवर १३०, नेम ९०, पण वार झाला की आपला स्पेशल अटॅक निम्म्यावर येतो. 'इरप्शन' १५० पॉवरने लागते, पण आपला एचपी पूर्ण असेल तेव्हाच. एचपी जसा उतरतो तशी तीही उतरते. या तिघींची किंमत ठरलेली आहे आणि ती कमीजास्त प्रमाणात दर वेळी भरावी लागते. फायर ब्लास्ट पंच्याऐंशी वेळा काहीच मागत नाही आणि पंधरा वेळा सगळेच घेऊन जाते. किंमत वसूल करण्याचा हा वेगळा प्रकार आहे, आणि एकाच आगीला इतक्या तऱ्हांनी किंमत लावता येते, यातच या खेळाच्या रचनेची श्रीमंती आहे असे मला मनापासून वाटते.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतला पहिला सगळ्यात जुना: ज्या खेळात नशिबाने सामना फिरतो त्यात कौशल्य कसले? दोन तास विचार करून खेळलेला सामना एका चुकलेल्या वाराने हातातून जातो, आणि तेव्हा होणारा त्रास खरा असतो. त्याला मी हलके लेखत नाही. पण नशीब वगळलेला पोकेमॉन कुठेच नाही. नुकसानाचे सोळा आकडे, क्रिटिकल हिट, बर्न, झोपेच्या फेऱ्या, सगळीकडे ते आहे. आपल्या उदाहरणातल्या व्हीनसॉरने प्रत्युत्तर म्हणून 'स्लीप पावडर' टाकली तर तिचाही नेम ७५ टक्केच आहे. फायर ब्लास्टचा फरक इतकाच, की ती आपला आकडा आधीच उघड सांगते. काही गेम तसे करत नाहीत. 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२च्या 'द बाइंडिंग ब्लेड'पासून अनेक गेममध्ये नेम ठरवायला दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतली जाते, त्यामुळे पडद्यावर ८५ दिसते तेव्हा खरी शक्यता ९५च्याही वर असते. खेळणाऱ्याच्या भावनेला ते बरे वाटते, पण आकडा खोटा ठरतो. सुरुवातीचे गेम सोडले तर पोकेमॉन ८५ म्हणते तेव्हा ८५च असते. खऱ्या आकड्यावर घेतलेला निर्णय चुकला, तरी तो निर्णय बरोबर होता की नाही हे नंतर तपासता येते. कौशल्य मोजायचे तर ते निकालावरून न मोजता अशा निर्णयांवरून मोजावे लागेल.

दुसरा आक्षेप मानवी स्वभावाचा आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडले, की माणूस पूर्ण खात्रीला तिच्या खऱ्या किमतीहून जास्त वजन देतो आणि मिळालेल्यापेक्षा गमावलेले त्याला अधिक टोचते. मग फ्लेमथ्रोअर निवडणारा खेळाडू फक्त स्वभावाला जागतो, त्यात त्याचे काय चुकले? लढाईत शांत डोक्याने विचार करता येणे हीसुद्धा एक संपत्ती आहे, हे मला मान्य आहे, आणि ज्याला चुकलेल्या वारानंतर पुढच्या तीन फेऱ्या धड सुचत नाहीत त्याने फ्लेमथ्रोअरच घ्यावी. पण आपल्या स्वभावाची सोय आणि मूव्हची गुणवत्ता यांची गल्लत करू नये. उदाहरणातल्या फ्लेमथ्रोअरला 'खात्री' हे विशेषण लावणे ही तीच गल्लत होती. शिवाय स्वभावापेक्षा सामन्याची स्थिती मोठी असते. आपण पुढे असताना चढउतार जितके कमी तितके आपल्या फायद्याचे, म्हणून तिथे थोडे कमी पण हमखास नुकसान करावे. मागे पडलेल्या खेळाडूला सरळ, सुरक्षित खेळाने सामना परत मिळत नाही. त्याला चढउतार हवेच असतात. पाच विरुद्ध दोन अशा स्थितीत फ्लेमथ्रोअर वापरत राहणे म्हणजे व्यवस्थितपणे हरणे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात बळकट वाटतो, आणि तो ओव्हरहीटकडून येतो. एकाच वाराचा प्रश्न असेल तर १३० पॉवर आणि ९० टक्के नेम असलेली ओव्हरहीट दोन्ही रकान्यांत फायर ब्लास्टच्या पुढे आहे. मग उंबरठ्याचा सगळा युक्तिवाद तिच्याच पारड्यात जातो की. ज्या पोकेमॉनने मैदानात यायचे, एकाला पाडायचे आणि परत जायचे, त्याच्यासाठी हे खरे आहे, आणि अशा पोकेमॉनला ओव्हरहीटच द्यावी. अडचण दुसऱ्या फेरीत येते. स्पेशल अटॅक निम्म्यावर आल्याने दुसरी ओव्हरहीट ६५ पॉवरच्या वाराइतकीच उरते, फ्लेमथ्रोअरहूनही दुबळी. तो पोकेमॉन परत बोलावला तर उतरलेला स्पेशल अटॅक पूर्ववत होतो, पण त्याच्या जागी येणाऱ्याला समोरच्याचा एक वार फुकट सोसावा लागतो. व्हीनसॉर पाडल्यावर लगेच समोर दुसरा शत्रू येतो, आणि त्याच्यापुढे चारिझार्डने पूर्ण ताकदीने उभे राहायचे असेल तर फायर ब्लास्टला पर्याय उरत नाही. दोघांच्या जोडीने खेळल्या जाणाऱ्या सामन्यांत मात्र माझा आग्रह सैल पडतो. तिथे 'हीट वेव्ह' नव्वद टक्के नेमाने समोरच्या दोघांनाही एकदम भाजते, वार अडवणाऱ्या 'प्रोटेक्ट'मुळे वार वाया जाण्याचे प्रसंग आधीच जास्त असतात, आणि वर आणखी पंधरा टक्के वाया घालवणे बहुतेकदा परवडत नाही. अधिकृत जागतिक स्पर्धा याच जोडीच्या पद्धतीने होते, तेव्हा हा अपवाद लहान नाही. पुढची प्रकरणे म्हणूनच एकास एक लढाईपुरती आहेत.

वाचकासाठी शेवटची सूचना हिशेबाबद्दल. पुढे जिथे पिढीचा उल्लेख नाही तिथे २०१३नंतरचे आकडे धरले आहेत, म्हणजे फायर ब्लास्ट ११० आणि फ्लेमथ्रोअर ९०. त्याआधीचे गेम खेळणाऱ्यांनी १२० आणि ९५ धरावेत; तिथे दोन्हींमधली दरी थोडी जास्त रुंद आहे, त्यामुळे फायर ब्लास्टच्या बाजूची उदाहरणे जास्त सापडतील. पहिल्या पिढीला मात्र हे कोष्टक लावू नये, कारण तिथे स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स असे दोन वेगळे गुण नव्हते, 'स्पेशल' हा एकच गुण दोन्ही कामे करी. क्रिटिकल हिट सगळीकडे वगळले आहेत. नेम वाढवणारी साधनेही वगळली आहेत. त्यांतले 'वाइड लेन्स' जवळ ठेवले तर ८५चे साडेत्र्याण्णव टक्के होतात, पण त्यासाठी दुसरे कुठले साधन सोडावे लागते, हा हिशेब शेवटच्या प्रकरणात स्वतंत्रपणे केला आहे.